चौदावा रकाना

“मॅडम, लय दुखते काय?” रांगेतल्या पहिल्या पोरानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच डोळे गच्च मिटून घेतले.

“मुंगी चावते तेवढं,” रिना म्हणाली. “तुले कधी मुंगी चावली नाई काय?”

“चावली. तवा मी लय रडलो होतो.”

मागच्या पोरी खिदळल्या. तोवर रिनानं त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीत उतरवलाही होता. नळी पाच मिनिटं ठेवायची, मग काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. द्रावणातून रेघा दिसल्या तर पोर सुटलं. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या, तर रक्तात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा दोष आहे. मग नमुना जिल्ह्याला जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी कार्ड येतं. नुसत्या वाहकाला पिवळं, आजार असलेल्याला लाल.

गेली तीन वर्षं रिना हेच करत होती. बी.एस्सी., त्यावर लॅबचा डिप्लोमा, आणि दर अकरा महिन्यांनी नवी होणारी कंत्राटी ऑर्डर. पोंभुर्ण्याच्या बाजूची जंगलातली गावं, आश्रमशाळा, अंगणवाड्या तिनं स्कूटीवर पालथ्या घातल्या होत्या. प्रत्येक आईला ती एकच वाक्य सांगायची, “लपवू नका. शाळेत सांगून ठेवा, म्हणजे ते लक्ष ठेवतील.”

आज मात्र ती या शाळेत दोन कामांनी आली होती, आणि दुसरं काम तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तिची मुलगी पिऊ उन्हाळी सुट्टीनंतर पहिलीत जायची होती. वॉर्डातली जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी दोन वर्षांपूर्वी हायवेपलीकडच्या शाळेत मिसळून टाकली होती. कोळशाचे ट्रक चुकवत सहा वर्षांच्या पोरीनं तो रस्ता ओलांडणं शक्य नव्हतं. उरल्या दोन खाजगी शाळा. नाक्यावरचं कॉन्व्हेंट, आणि राइस मिलच्या मागची ही मडावी सरांची शाळा.

शाळा म्हणजे सरांच्याच घराला लागून काढलेल्या टिनाच्या दोन खोल्या. एकीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. देवाजी मडावी सर मधल्या उंबरठ्यावर उभे राहायचे आणि डावीकडे पाढे, उजवीकडे कविता असं दोन्हीकडे शिकवायचे. एक पोरगा वर्गातून उठला, बाहेर जाऊन आला, दाराजवळच्या माठातलं पाणी प्याला आणि जागेवर बसला. त्यानं कोणाला विचारलं नाही, कोणी त्याला हटकलं नाही. रिनानं हे नीट बघून ठेवलं.

“फॉर इन व्हिट्रो डायग्नोस्टिक यूज ओन्ली,” शेजारून कोणीतरी वाचलं.

तिच्या किटच्या डब्यावरची अक्षरं एक मुलगी वाचत होती. रिनानं वर बघितलं आणि तिला ओळखलं. साक्षी. मागच्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये तपासणी केली तेव्हा ही दुसरीत होती.

“तू इथी कशी?”

“आता इथीच हाव मी,” साक्षी म्हणाली. “माही तपासणी नोका करू. माह्याकडे लाल कार्ड हाय.”

“माहीत हाय मले. नुसतं हिमोग्लोबिन पाहू दे.”

आठ पूर्णांक दोन. रिनानं जुनी नोंदवही उलटली. मागच्या वर्षी सहा पूर्णांक आठ होतं.

“साक्षी हाय म्हणून मले जरा दम भेटते,” मडावी सर कौतुकानं म्हणाले. “पहिलीवाल्यायले थेच शिकवते. लय हुशार पोरगी. आता बघा, सकायपासून एबीसीडी थेच घेऊन राह्यली.”

“अन तिले कोण शिकवते, सर?”

सर हसले. हसताना त्यांनी मान खाली घातली. “मी येकटा हाव ना, मॅडम.”

मधल्या सुट्टीत साक्षीची आई इतवारीबाई गोळी द्यायला आली. तिचा नवरा वनरक्षक होता. तिनं पोरीच्या हातावर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ठेवली, पेलाभर पाणी संपेपर्यंत समोर उभी राहिली, मग रिनाकडे वळली.

“कशा हा मॅडम?”

“बरी हाव. हिची शाळा काऊन बदलली, इतवारीबाई?”

इतवारीबाईनं तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. “तुमाले माहीत नाई? तुमीच तं सांगतलं होतं, लपवू नका, शाळेत सांगा. मी सांगतलं. त्यात तुमची यादीबी पोचली. पाणी लय पाजा म्हणून तुमीच सांगतलं, अन दोनदा पोरीचं वर्गातच झालं, लघवीले सोडलं नाई म्हणून. मंग त्या मॅडमनं हिच्या बापाले बोलावलं. म्हने, आमाले तुमच्या पोरीचीच काळजी हाय, पण आमच्याकडे तेवढी सोय नाई. चाय पाजली अन टीसी देल्ली. बिस्कुटबी होते म्हने संगं.”

रिनाला ती यादी आठवली. मुख्याध्यापिका नंदिनी मॅडमनी शाळेच्या रेकॉर्डसाठी म्हणून मागितली होती. वरच्या नियमात तसं देणं बसत नव्हतं. पण मुख्याध्यापिकेला माहीत असलेलं बरं, असं तिला तेव्हा मनापासून वाटलं होतं. तिनं हजेरीच्या क्रमानं तक्ता केला होता, पट्टीनं रेघा मारून. साक्षीचं नाव लाल पेनानं लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, “किती नीट काम आहे तुमचं!” आणि तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

“माह्यावर राग असंन तुमचा,” ती म्हणाली.

“राग कायचा? पोरगी इथी चांगली राह्यते. तिकडे सालात तीनदा दवाखान्यात भरती केली होती, इथी येकदाच. राग नाई.” इतवारीबाईनं पदरानं साक्षीचं तोंड पुसलं. “तुमची पिऊ खेळते-कुदते, तुमचं बरं हाय. तुमाले कसं समजंन?”

रिनानं नळ्या मोजून स्टँडमध्ये लावल्या. दोन गढूळ होत्या. तिनं त्यांच्यावर नंबर टाकले. पिऊचं लाल कार्ड घरी लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली होतं.

पिऊ दहा महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली होती. तेव्हा रिना आणि तिचा नवरा निकेश, दोघांचीही तपासणी झाली. दोघेही वाहक निघाले. लॅबचा डिप्लोमा हातात असलेल्या मुलीनं लग्नाआधी स्वतःच्या बोटाला सुई लावली नव्हती. पत्रिका बघायची नाही हे त्यांच्या घरी पक्कं होतं, पण तिच्या जागी रक्त बघायचं, हे तेव्हा सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी या गावात बदलून आल्यावर त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. पिऊचे उपचार चंद्रपूरला चालायचे. शेजारणी विचारायच्या, पोरगी एवढी पिवळी काऊन दिसते, तेव्हा रिना म्हणायची, जेवत नाही नीट.

निकेश ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामाला होता. तिथे चौघांत मिळून खोली केली होती. शनिवारी सुट्टी झाली की बाईकनं घरी यायचा. रविवारी सकाळी अंगणात तो पिऊचे केस विंचरत बसला होता. हे काम त्याला रिनापेक्षा चांगलं जमायचं.

“पिऊ, तुले कोनत्या शाळेत जायचं हाय?”

“कॉन्व्हेंटात टाय हाय,” पिऊ विचार करून म्हणाली. “मडावी सरकडे बकरी हाय.”

“मंग?”

“मडावी सरच्या बकरीले कॉन्व्हेंटात घेऊन जाऊ.”

निकेश मोठ्यानं हसला. रिना हसली नाही. तिनं वहीत दोन रकाने आखून आणले होते. “हे पहा. साक्षी तिकडे होती तवा हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ, भरती तीनदा. इथी आठ पूर्णांक दोन, भरती येकदा.”

“येका पोरीवरून ठरते काय?”

“नाई ठरत,” रिनानं कबूल केलं. एका मुलीच्या नोंदींवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वय वाढलं, औषध बदललं, पावसाळा हलका गेला, कारणं कितीही असू शकतात. पण बघायला दुसरी मुलगी नव्हती. “तिथी पाणी पिऊ देते, बाहेर जाऊ देते. पिऊले दुसरं काय पायजे?”

“अन शिकवते कोण?”

रिनानं वही मिटली.

“सांग ना. तूच म्हणाली, थे पोरगी एबीसीडी शिकवून राह्यली म्हणून. चौथी झाली का मंग काय? हे पहाय रिना, दुसऱ्याच्या पोट्यायचं येगळं हाय. नाई शिकले तं वावरात जाईन, कंपनीत जाईन, पोलीस भरतीत धावंन. आपली धावू शकते काय? टोपलं उचलू शकते काय? हिले बसूनच पोट भरा लागंन. खुर्चीवर बसून. अन खुर्ची मडावी सरकडून भेटत नाई.”

त्यानं वेणीचं रिबन ओढून बांधलं. रिनाला या बोलण्यात चूक सापडेना. जे शरीर राबू शकत नाही त्याला डोक्यावर जगावं लागतं. पिऊसाठी शिक्षण हे गोळीसारखंच आहे, कमी पडलं तर चालणार नाही. पण ते जिथे मिळतं तिथे तिचं शरीर टिकेल की नाही, ते वहीत कुठेच लिहिता येत नव्हतं.

“तिथी सांगतलं तं घेणार नाईत,” ती म्हणाली.

“तं सांगू नोको.”

“मी? मी गावोगाव सांगत फिरते, लपवू नका म्हणून. अन माह्याच पोरीचं लपवू?”

“दोन सालापासून तू काय करून राह्यली मंग?” निकेश हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. “कपाटाची चाबी कोनाच्या पदराले हाय?”

पिऊ एवढ्यात उठून मोरीकडे पळाली होती. सकाळपासूनची ती चौथी वेळ होती. रिनानं ती मोजली होती.

सोमवारी ती कॉन्व्हेंटमध्ये गेली. मनात तिनं ठरवलं होतं की आधी सगळं सांगायचं, मग मॅडम काय म्हणतात ते बघायचं. नंदिनी मॅडम कोणाशी तरी बोलत होत्या, म्हणून शिपाईणबाईनं तिला व्हरांड्यात बसवलं.

समोर पहिलीचा वर्ग होता. खिडकीतून एक तरुण शिक्षिका दिसत होती. टेबलावर विजेच्या किटलीत पाणी उकळत होतं आणि वाफेवर तिनं स्टीलची ताटली धरली होती. ताटलीच्या पोटाला थेंब जमत होते, मोठे होत होते, मग गळत होते. चाळीस पोरं माना उंच करून बघत होती.

“टीचर, मग ढग खाली का नाही पडत?” एका मुलीनं विचारलं.

रिना पुढे सरकून बसली. शिक्षिका तिच्याकडे वळली. “चांगलं विचारलंस,” ती म्हणाली. “आपण उद्या त्याचाच प्रयोग करू. तोवर सगळ्यांनी विचार करून या.”

रिनाला तिच्या शाळेतला एकही असा दिवस आठवेना. तिच्या डोक्यात असले प्रश्न यायचे, आणि ती ते कॉलेजात जाईपर्यंत तोंडात धरून बसली होती. पिऊ परवाच विचारत होती, सावली ओली काऊन होत नाई. उद्या ती मडावी सरांना विचारेल. सर उंबरठ्यावर असतील, मान खाली घालून हसतील. इथे विचारलं तर कोणीतरी किटली आणेल.

त्याच वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलानं करंगळी वर केली. शिक्षिकेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मुलानं करंगळी खाली घेतली आणि गुडघे जुळवले.

“अहो मॅडम, तुम्ही बाहेर काय बसलात? आत या ना!” नंदिनी मॅडम स्वतः दारात आल्या होत्या. ऑफिसात त्यांनी पंखा वाढवला, चहा सांगितला. “पिऊची अ‍ॅडमिशन ना? मला वाटलंच होतं, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही इकडेच येणार. आठ तास असतात, पस्तीस पस्तीस मिनिटांचे. दोन सुट्ट्या. तास चालू असताना मात्र कोणी बाहेर जात नाही. आधी सोडायचो, तर एक उठला की दहा उठायचे. शिस्त लागते हळूहळू.”

“मॅडम, एक सांगायचं होतं,” रिना म्हणाली. घरच्या बोलीतून ती शाळेच्या बोलीत आली होती, आणि त्यामुळे वाक्य आणखीच जड झालं होतं.

“सांगा ना. आधी फॉर्म करून टाकू, मी लिहिते. तुम्ही सांगत जा.”

नाव, जन्मतारीख, जात, रक्तगट. मॅडमचं अक्षर सुंदर होतं. तेराव्या रकान्यात लसीकरण पूर्ण लिहून त्या चौदाव्याशी आल्या. ‘पाल्यास काही गंभीर अथवा आनुवंशिक आजार असल्यास तपशील.’

“हा रकाना मागच्याच वर्षी टाकला आम्ही,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या त्या यादीनंतर. डोळेच उघडले आमचे. हे तर तुम्हाला विचारायलाच नको.” आणि त्यांनी एका ओघात लिहिलं, ‘निरंक’.

रिनाच्या तोंडात वाक्य तयार होतं. ‘नाही मॅडम, थांबा.’ एवढंच म्हणायचं होतं. बाहेर पहिलीच्या वर्गात एकदम टाळ्या वाजल्या. ताटलीतून मोठा थेंब पडला असावा.

“आणि तुमच्याकडून एक मदत हवी,” मॅडमनी आवाज खाली आणला. “यंदाची तपासणी जरा लवकर घ्या, जुलैतच. अ‍ॅडमिशन कायम व्हायच्या आधी.”

“निकाल वरून येतो, मॅडम. जिल्ह्याहून.”

“वरून येईपर्यंत दिवाळी होते. तुम्ही मला तोंडी सांगा नुसतं. आता तर तुम्ही आपल्या शाळेच्याच पालक.”

जुलै. पहिलीचा वर्ग रांगेत उभा राहील. चाळीस बोटं, चाळीस नळ्या. त्या दिवशी पिऊला घरी ठेवावं लागेल. ताप आला म्हणून. रिनानं हे इतक्या पटकन ठरवलं की तिचं तिलाच नवल वाटलं. बाकी एकोणचाळीस नळ्यांचं काय करायचं, हे तिला ठरवता आलं नाही. मॅडमनी फॉर्म तिच्यापुढे फिरवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. चहा आला. सोबत बिस्किटं होती.

“तुम्ही काहीतरी सांगणार होतात,” मॅडम म्हणाल्या.

“काही नाही,” रिना म्हणाली. “तिला प्रश्न फार पडतात, एवढंच.”

आणि तिनं सही केली.

जून संपत आला तरी ऊन उतरलं नव्हतं. शाळा उघडायला पाच दिवस होते. दुपारी जेवण झाल्यावर रिनानं पिऊला दोन पेले पाणी पाजलं, भिंतीवरच्या घड्याळासमोर लाकडी स्टूल ठेवलं आणि तिला वर बसवलं.

“मोठा काटा सातवर जाईपर्यंत उठायचं नाई.”

“बोलू शकते?”

“हळू.”

पहिल्या दिवशी बारा मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सोळा, मग चौदा. रिना तारखेपुढे आकडे लिहीत होती. ही सवयीची गोष्ट नाही, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. आत गेलेलं बाहेर येणारच, आणि आत जाणं तर थांबवायचं नाही, पाणी कमी पडलं की रक्त अडतं. तरी ती आकडे लिहीत होती.

पिऊ आधी गाणं म्हणाली, मग बोटं मोजली. काटा चारवर आला तेव्हा तिनं पायावर पाय घट्ट दाबले.

“आई, शाळेत समदे असेच बसते?”

“हो.”

“समद्यायले अशीच लागते?”

“हो,” रिना म्हणाली. “समद्यायले.”

काटा पाचच्या जरा अलीकडे असताना स्टुलाच्या पायावरून धार खाली आली. पिऊ रडली नाही. ती घड्याळाकडेच बघत होती, काटा आपल्यासाठी थोडा तरी पुढे सरकतो का ते.

रिनानं तिला खाली घेतलं, मोरीवर नेऊन पाय धुतले, चड्डी आणि फ्रॉक बदलला, फरशी पुसली, स्टूल कोरडं केलं. फडकं पिळून ती मागे वळली तेव्हा पिऊ स्वयंपाकघरात टाचा उंच करून उभी होती. तिनं स्वतःच्या हातानं पेला भरला आणि पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत न थांबता संपवला, आईनं शिकवलं होतं तसा. मग आणखी अर्धा भरून तोही प्यायली.

तोंड पुसत ती येऊन स्टुलावर चढली, फ्रॉक गुडघ्यांवर सारखा केला आणि घड्याळाकडे तोंड करून बसली.

“आता मोज,” ती म्हणाली.